आधी अठरा, मग सतरा

आदरणीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आमचे घरमालक, व्यासपीठावर बसलेले वीज कचेरीचे उपअभियंता साहेब, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांचं खरं नाव निमंत्रणावर वाचून आमच्यातल्या निम्म्या लोकांनी "ह्या कोण?" असं विचारलं, त्या आपल्या सर्वांच्या मीटरताई, समोर बसलेली चोवीस बिऱ्हाडांतली वडीलधारी मंडळी, काका, मावश्या, वहिनी, आणि मागे धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांवर चढून बसलेली छोटी मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझी सवय पाट्यांची. पाटीवर चार-पाच शब्द असतात, आणि चुकलं तर टर्पेंटाइन लावून पुसता येतं. बोललेलं पुसता येत नाही, म्हणून मी लिहून आणलंय. सात पानं आहेत. शिंपीकाका, उसासा टाकू नका, अक्षर मोठं आहे.

सुरुवात तारखेपासून करतो. तारीख आणि वेळ लिहिली की मला धीर येतो.

शुक्रवार, सात मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मी जिन्याखाली, मीटरच्या कपाटाशेजारी स्टुलावर उभा राहून "जिन्यात सायकली ठेवू नयेत" ही पाटी रंगवत होतो. "जिन्यात सायकल" इथपर्यंत आलो होतो आणि शेवटची वेलांटी काढायला ब्रश उचलला होता. ती वेलांटी आज सोळा दिवस झाले तरी काढलेली नाही. पाटीवर अजून "जिन्यात सायकल" एवढंच आहे, आणि लोकांनी ती परवानगी समजून पाच सायकली तिथे आणून लावल्यात. त्याबद्दल सोसायटीची माफी मागतो. पण त्या क्षणी माझा हात का थांबला, हे सांगायलाच मी उभा आहे. आणि ते सांगण्याआधी मीटरताईंबद्दल बोललं पाहिजे, कारण कार्यक्रम त्यांच्या निरोपाचा आहे, माझ्या वेलांटीचा नाही.

मीटरताईंची नोकरी एकतीस वर्षांची. त्यातली शेवटची आठ वर्षं आपली इमारत त्यांच्या वाट्याला होती. आठ वर्षांपूर्वी इथे काय होतं, हे नवीन बिऱ्हाडांना ठाऊक नसेल. दाराशी एक मोठा मीटर होता. एकच. त्याचं बिल मालकांच्या नावाने यायचं आणि मालक ते आमच्यात वाटायचे, माणशी. ज्या घरात पाच माणसं त्यांनी पाच भाग भरायचे, मग घरात एकच दिवा असो. आणि ही आपण बसलोय ती लाँड्री, तिची दोन धुण्याची यंत्रं आणि सहा इस्त्र्या त्याच मीटरवर होत्या. इस्त्री माणसांत मोजत नव्हते.

अध्यक्ष महोदय हसतायत, म्हणून पुढे बोलायचं धाडस करतो. साहेब, आपण मात्र हे लिहून घेऊ नका, ते सगळं मिटलंय.

मीटरताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी मोठ्या मीटरचा आकडा आपल्या वहीत उतरवला, मालकांना कागद दिला, आणि मग पिशवीतून खडू काढून तोच आकडा जिन्याच्या भिंतीवर लिहिला. मालक लाँड्रीतून धावत आले. मी तेव्हा समोरच एक डबा ढवळत होतो, त्यामुळे संवाद जसाच्या तसा सांगतो.

"अहो बाई, भिंतीवर काय लिहिताय?"

"मीटरचा आकडा."

"तो मला कागदावर दिलात की!"

"कागद तुमच्या खिशात गेला. भिंत सगळ्यांना दिसते."

"भिंत माझी आहे!"

"हो का? मग ह्या लोकांकडून भाडं कसलं घेता?"

मालकांनी भिंत ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या महिन्यात ताईंनी पुन्हा लिहिलं, मालकांनी पुन्हा पुसलं. तिसऱ्या महिन्यात ताई माझ्याकडे वळल्या. मी अठरा वर्षांचा होतो. नववी अर्धी सोडलेली, हातात डबा, अंगावर सगळे रंग.

"पेंटर, पुसलं जाणार नाही असं काही आहे का तुझ्याकडे?"

"ऑइलपेंट आहे. पण मालक ओरडतील."

"ओरडू देत. त्यांच्या ओरडण्याने आकडा खाली येत नाही."

त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला आकडा भिंतीवर रंगवला. काळा, चार इंच उंच. पैसे कोणी दिले नाहीत. पण संध्याकाळी शिंपीकाका खाली आले, मग वायरमनदादा आले, मग सगळे आले. प्रत्येकाने मालकांना त्या महिन्यात किती दिले ते सांगितलं आणि आम्ही बेरीज केली. एकदा केली, पटली नाही. दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा सिस्टरआजींनी केली, कारण त्यांनी चाळीस वर्षं इस्पितळात औषधांचे थेंब मोजलेत. बेरीज पूर्ण बिलापेक्षा जास्त आली. म्हणजे लाँड्री तर फुकट चालत होतीच, वर मालकांना चहापाण्याला उरत होतं.

मालक, पाणी घ्या. पुढचा भाग तुमच्या कौतुकाचा आहे.

कारण ह्याच मालकांनी, सहा महिने आमच्याशी न बोलून झाल्यावर, प्रत्येक खोलीला वेगळा मीटर लावायला परवानगी दिली. ताईंनी कचेरीत नऊ खेपा घातल्या. वायरमनदादांनी तारा ओढल्या. चोवीस मीटर जिन्याखालच्या कपाटात ओळीने बसले, एकेका मजल्याची एकेक ओळ, आणि कपाटाला काचेचं दार आलं. लाँड्रीचा मीटर सर्वांत वर, सगळ्यांना दिसेल असा. ताईंनी नियम घालून दिला. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी सगळ्यांनी खाली यायचं. आपला मीटर आपण मोठ्याने वाचायचा, तो शेजाऱ्याने ताडून पाहायचा आणि शेजाऱ्यानेच वहीत लिहायचा. मग फळ्यावर चोवीस आकडे, सगळ्यांचे, सगळ्यांसाठी.

काय गोंधळ व्हायचा! "वहिनी, तुमचा मीटर बघून माझे डोळे पांढरे झाले." "अहो, पाहुणे होते." "पाहुणे की गिरणी?" भांडणं व्हायची, हसणं व्हायचं, आणि कोणाचंही बिल कोणालाही विचारता यायचं.

मग तीन वर्षांपूर्वी गच्चीवर सौर पॅनेल आले. चोवीस बिऱ्हाडांनी आणि मालकांनी मिळून घेतलेले. तेव्हा शिंपीकाकांचा आणि ताईंचा जो वाद झाला तो इतिहासात नोंदवायला हवा. शिंपीकाकांची तीन यंत्रं. त्यांचं म्हणणं, ज्याचा वापर जास्त त्याला गच्चीची वीज जास्त.

ताई म्हणाल्या, "म्हणजे ज्याच्या घरी एकच दिवा, त्याने पॅनेलला पैसे देऊन तुमची यंत्रं चालवायची?"

काका म्हणाले, "मी कपडे शिवतो, ताई. उन्हात झोपत नाही."

"मग मालकांच्या इस्त्र्या तरी काय झोपा काढत होत्या?"

काकांनी वाद सोडला. काकांनी वाद सोडल्याचं मी एकदाच पाहिलंय, म्हणून ध्यानात आहे. ठरलं असं, की प्रत्येक खोलीला महिन्याला गच्चीची पंधरा युनिटं फुकट. त्यावर वापर झाला तर वहीतल्या आकड्यावरून युनिटाला सात रुपये, सोसायटीला. आणि ज्याची पंधरा संपणार नाहीत, त्याची उरलेली जिन्याच्या दिव्याला, आणि फळ्यावर त्याच्या खोलीपुढे एक चांदणी. चांदणी काढायचं काम अर्थात माझ्याकडे.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट कबूल करायची आहे. रविवारी खाली येणारी माणसं हळूहळू कमी झाली. भांडण झालं होतं म्हणून नाही. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. मी वहीत लिहायला लागलो, रकाने आखून, लाल रेघ, काळा आकडा. लोक म्हणायला लागले, "पेंटर लिहील. पेंटरचं काम चोख." पहिल्यांदा चार जण यायचे बंद झाले, मग दहा. शेवटी मी एकटाच कपाट उघडायचो, चोवीस आकडे उतरवायचो आणि फळ्यावर लिहायचो. लोक फळा वाचायचे, कपाटात कोणी बघत नव्हतं. पोरं बोटं घालतात म्हणून मी काचेच्या दाराला एक छोटं कुलूपही लावून घेतलं. किल्ली समितीच्या नावाने, खिळा आमच्या घरात. मला फार बरं वाटायचं. नववी अर्धी सोडलेल्या माणसावर चोवीस बिऱ्हाडं डोळे मिटून विश्वास ठेवतात, ह्याने कोणाची छाती फुगणार नाही?

आता सात मार्चकडे वळतो.

मी स्टुलावर, हातात ब्रश. ताई त्यांच्या शेवटच्या नोंदीसाठी आल्या होत्या. कपाटासमोरच्या पायरीवर सिस्टरआजी बसल्या होत्या. हल्ली त्या दिवसभर तिथेच असतात हे आपण सगळे बघतो. आपल्याला वाटतं, गप्पांची आवड.

ताईंनी विचारलं, "सिस्टर, वर उकडतं का?"

"वर पंखा बंद असतो माझा."

"बिघडलाय?"

"पंखा धडधाकट आहे. बिल परवडत नाही. गेल्या जुलैपासून बंदच आहे. माझा हातच सढळ, दुसरं काय. महिन्याला तीनशे येतं."

एवढ्यात वरून आमच्या आईने हाक मारली, "आजी, थेंबांची वेळ झाली!" आणि आजी कठड्याला धरून जिना चढायला लागल्या. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि कपाटाच्या काचेला नाक लावलं.

"पेंटर, आजींची खोली सतरा ना?"

"हो. आमची अठरा. शेजारीच."

"त्या खोलीत आता कोण आहे?"

"कोणी नाही. कुलूप आहे. आजी आमच्याकडे गेल्यात, डोळ्यांत थेंब घालायला. थेंब गार ठेवावे लागतात, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये असतात."

"हं. मग ही सतराची चकती कोणासाठी फिरतेय?"

आपले मीटर जुन्या पद्धतीचे आहेत. काचेमागे एक चकती असते, खोलीत काही चालू असलं की ती फिरते. सतरा नंबरची चकती निवांत फिरत होती. अठराची, म्हणजे आमची, ढिम्म. आणि आमच्या घरात आई होती, पंखा होता, फ्रिज होता.

मी म्हणालो, "ताई, मीटर बिघडला असेल."

ताई म्हणाल्या, "वर जा आणि फ्रिजचा प्लग काढ."

मी धावत तीन मजले चढलो आणि पंखा बंद करून प्लग काढला. खालून आवाज आला, "थांबली!" मी प्लग घातला. "फिरली!" काढला. "थांबली!" आजी डोळे मिटून बसल्या होत्या, थेंब घातलेले. आई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का? दूध नासेल ना!" मी पुन्हा प्लग घातला आणि कठड्यावरून खाली वाकलो. ताई वर माझ्याकडे बघत होत्या.

आता हे कसं घडलं, ते सांगतो.

गेल्या वर्षी जानेवारीत कपाट रंगवायचं काम मी हौसेने घेतलं. मीटरांखाली वायरमनदादांच्या हातचे कागदी नंबर होते, पिवळे पडलेले. ते काढून मी नवे नंबर रंगवणार होतो. तिसऱ्या ओळीत शेवटी नंबर असे होते: पंधरा, सोळा, अठरा, सतरा. मी ते बघितलं आणि मला हसू आलं. मनात म्हटलं, वायरमनदादांना तारा जोडता येतात पण अंक ओळीने लिहिता येत नाहीत. आणि मी ती चूक दुरुस्त केली. पंधरा, सोळा, सतरा, अठरा. पांढऱ्यावर काळं, बारीक लाल किनार. दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि समाधानाने ब्रश धुतला.

ती चूक नव्हती. त्या कोपऱ्यात तारेची लांबी पुरत नव्हती म्हणून दादांनी मीटरच उलट लावले होते, आधी अठरा, मग सतरा, आणि नंबर बरोबर लिहिले होते. परवा मी विचारलं तेव्हा दादा म्हणाले, "अरे, मला एक हाक मारायचीस. मी खालीच तर राहतो."

त्याच आठवड्यात आम्ही जुना फ्रिज घेतला होता. विकणारा म्हणाला, "हा वीज खातच नाही." फ्रिज विकणाऱ्याच्या ह्या वाक्यावर विश्वास ठेवणारा पृथ्वीवरचा पहिला माणूस मी. आणि मीटरने त्याला दुजोरा दिला! एकोणीस युनिटं! मी चार लोकांना फ्रिज दाखवायला घरी घेऊन आलो होतो, आठवतंय? त्याच महिन्यात आजींचं बिल अठ्ठावीस रुपयांवरून तीनशेवर गेलं. त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाळा, पुन्हा एकदा बघतोस का?" मी फळ्यावर बघितलं, वहीत बघितलं, दोन्ही जुळत होतं. जुळणारच, दोन्ही मीच लिहिलेलं. मी म्हणालो, "आजी, आकडा बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "मग पुतण्याने ती विजेची शेकायची पिशवी दिलीय, तीच खात असेल," आणि त्यांनी पिशवी कपाटात टाकली. बिल उतरलं नाही.

मग मी काय केलं असेल? मी त्यांना वीज वाचवण्याचे नऊ उपाय सुवाच्य अक्षरात लिहून दिले. सातवा उपाय, "पंखा अगदी गरजेपुरताच लावावा." तो कागद अजून त्यांच्या दारामागे चिकटवलेला आहे. जुलैपासून त्यांनी पंखा पूर्ण बंद केला. आणि जुलैपासून आमच्या नावाखालचा आकडा एकोणिसावरून दहावर आला. फ्रिज, दोन पंखे, तीन दिवे, आणि दहा युनिटं! मला वाटलं, आईच्या मागे लागून मी बटणं बंद करायची शिस्त लावली, तिचं फळ. आकडा आपल्या बाजूचा आला की माणूस पुन्हा बघत नाही. निदान मी बघितलं नाही. सलग आठ महिने फळ्यावर अठरापुढे चांदणी काढली, स्वतःच्या हाताने. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या आजींच्या होत्या. त्या घामाने भिजून पायरीवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होत्या, आणि त्यांच्या वाचवलेल्या विजेवर जिन्याचा दिवा जळत होता.

थोडं पाणी घेतो.

सात तारखेला ताईंनी मला विचारलं, "तू सांगशील की मी सांगू?" मी म्हणालो, मीच. त्या म्हणाल्या, "माझा निरोप तेवीसला आहे. तोवर तुझं, त्यानंतर माझं." मी आजींकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा केला. दुसऱ्यांदा फेब्रुवारीचं बिल पुढे केलं आणि म्हणाल्या, "बेरीज तपासून दे, तुझं अक्षर बघितलं की मन शांत होतं." तिसऱ्यांदा म्हणाल्या, "तुझ्या आईचे फार उपकार आहेत, माझे थेंब सांभाळते." तिन्ही वेळा मी चहा पिऊन परत आलो. म्हणून आज सगळ्यांसमोर. एकट्या माणसासमोर जमलं नाही, ते चोवीस बिऱ्हाडांसमोर जमतंय, ह्याचं मलाही आश्चर्य वाटतं.

मघाशी मी मालकांची थट्टा केली, तुम्ही हसलात. पण मालकांनी कागद खिशात घालून जे केलं, तेच मी काचेला कुलूप लावून केलं. मालकांना निदान ठाऊक होतं.

काय आजी? मोठ्याने बोला. बसूनच बोला, उठू नका.

मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. आजी विचारतायत, "म्हणजे माझे थेंब माझ्याच विजेवर गार होत होते?"

होय आजी. थेंब, आमचं दूध, आमची भाजी, सगळंच. वर तुम्ही आमचे उपकार मानत होतात.

हसा, आजी हसतायत तर तुम्हीही हसा. आई, तू तोंडावरचा पदर काढ, तुझा काही दोष नाही. मी फ्रिज विकून पैसे उभे करणार होतो, पण… काय? हो. आजी म्हणतायत, "खबरदार फ्रिज विकलास तर, चौदा महिने मी पोसलाय त्याला." बरं. विकत नाही.

मंडळी, फळ्यावरच्या कार्यक्रमात पाचवं काम लिहिलंय, "मीटरच्या कपाटाची किल्ली व वही अध्यक्षांच्या हस्ते पेंटरच्या स्वाधीन." ते मीच रंगवलंय, सहा तारखेला. ते काम आज करू नका. किल्ली देण्यात अर्थ उरलेला नाही, कारण कुलूप मी आज सकाळी काढलं. पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर वायरमनदादांनी एक कडी लावून दिली आहे. नंबर दोन्ही पुसले आणि जसे होते तसे रंगवले, आधी अठरा, मग सतरा. दिसायला वाईट दिसतं. कोणी दुरुस्त करायला जाऊ नये.

वहीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच, की येत्या रविवारी, शेवटचा रविवार आहे, सगळ्यांनी खाली यावं. आपापल्या खोलीतला दिवा, पंखा, फ्रिज, सगळं बंद करून यावं, आपली चकती थांबलीय का ते आधी बघावं, आणि मग आकडा वाचावा. सतराचा आकडा आजी वाचतील, चष्मा लावून. लिहायला मी बसलोच, तर माझ्या शेजारी कोणीतरी बसावं. शिंपीकाका बसले तर उत्तम, त्यांना माझं काहीच पटत नाही.

मीटरताई, सोसायटीतर्फे आपल्याला भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलंच आहे. माझ्यातर्फे हे कुलूप. छोटं आहे, पिशवीत मावेल. एकतीस वर्षांत आपण किती घरांचे आकडे लिहिलेत, हे मला मोजता येणार नाही. पण सात तारखेला आपण आधी आजींकडे बघितलं आणि मग मीटरकडे, हे मी स्टुलावरून पाहिलंय. मी चौदा महिने उलट क्रमाने बघत होतो.

अध्यक्षांचे आभार, त्यांनी चिडायला पुष्कळ जागा असूनही ऐकून घेतलं. साहेबांचे आभार, त्यांनी वही मिटून ठेवली. तुम्हा सर्वांचे आभार. वाचताना एखादा शब्द अडखळला असेल, कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पाटी नवी आहे, रंग अजून ओला आहे असं समजून सांभाळून घ्या.

फक्त हिशेब वाचतो आणि बसतो.

जानेवारी ते पुढचा फेब्रुवारी, चौदा महिने. आमच्या घरी खरा वापर आठशे बारा युनिटं. त्यातली फुकटची दोनशे दहा वजा, उरली सहाशे दोन, सात रुपयांनी चार हजार दोनशे चौदा. हे आजींनी भरले. आजींच्या खऱ्या वापराचे एकशे अडुसष्ट रुपये आम्ही भरले, ते वजा. आजींना देणं, चार हजार सेहेचाळीस रुपये.

त्यापैकी आज ह्या पाकिटात तेराशे सेहेचाळीस. आजी, मोजून घ्या. मोठ्याने मोजा.

लाँड्रीच्या नव्या पाटीचे माझे बाराशे अध्यक्ष महोदयांकडे ऑक्टोबरपासून यायचे आहेत, ते त्यांनी परस्पर आजींना द्यावेत. मालकांनी मान हलवली, सगळ्यांनी पाहिलं.

बाकी पंधराशे. पाचशेचे तीन हप्ते, एप्रिल, मे, जून.

जिन्याच्या दिव्याला गेलेली आजींची चाळीस युनिटं. त्याबद्दल आमच्या वाट्याची पंधरा, तीन महिने, आजींच्या नावावर. पाच जास्त होतात, ती आजींनी ठेवावीत.

पंख्याचा नवीन कंडेन्सर, कारण आठ महिने न फिरल्याने तो सुरूच होईना, साठ रुपये, दिले. वायरमनदादांची मजुरी, घेतली नाही. पंखा आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला.

आठ महिने पंखा बंद. हा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा मला कळलं नाही. रकाना आखून ठेवलाय, मोकळा आहे. आजी सांगतील ते लिहीन.